पाण्याकडे जायची वाट

अमेरिकेतून परतल्यावर चौथ्या दिवशी सौ.ने माझी जाड विजार गच्चीत झटकली, तेव्हा तिच्या दुमडीतून तांबडी माती पडली. चहाचा चमचाभर असेल. "अहो, विमानतळावर एवढ्या बॅगा तपासल्या, ही कशी सुटली?" असं म्हणत तिने केरसुणी हातात घेतली. मी म्हटलं, थांब. औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत ती माती भरून मी लिहायच्या टेबलावर ठेवली. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने असा पोरकटपणा करू नये हे मला कळतं. पण त्याच दुपारी धाकट्या भावाचा इंदापूरहून फोन आला. "दादा, गुरुवारी रजिस्ट्रार कचेरीत यायचंय, ध्यानात आहे ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा थांबू या का?"

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. शेवटी तो म्हणाला, "तू आधी नीट झोप काढ. मग बोलू."

झोप मी नीट काढली. तरी मत बदललं नाही. ते का बदललं नाही, हे सांगायचं तर घोड्यापासून सुरुवात करायला हवी.

मुलगा गेली अकरा वर्षं फिनिक्सला आहे. आम्ही तिकडे गेलो की तो आम्हाला मॉल दाखवतो, देऊळ दाखवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात माझा चेहरा पाहून गप्प बसतो. गेल्या ऑक्टोबरात त्याने न विचारता एक बेत ठरवून टाकला. कॅन्यन द शे नावाच्या दरीत तीन दिवस घोड्यावरून हिंडायचं आणि दोन रात्री उघड्यावर मुक्काम करायचा. सूनबाई, नातू आणि सौ. घरी. "बाबा, तुम्ही कादंबरीत एवढे घोडे पळवलेत, एकदा बसून तर बघा," असं तो म्हणाला. माझ्या कादंबरीतले घोडे माथेरानच्या अनुभवावर पळाले आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. वास्तविक आम्ही भीमाकाठचे, म्हणजे ज्या भीमथडीच्या तट्टांवर मराठी फौजा दूरदूर गेल्या त्या मुलखातले. पण आमच्या घरात शेवटची घोडी आजोबांच्या वेळी होती. माझ्या वाट्याला बँकेची स्कूटर आली.

ही दरी अ‍ॅरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो लोकांच्या मुलखात आहे. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात. त्यांच्या भाषेत दरीला 'त्सेयी' म्हणतात, म्हणजे खडकाच्या आत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं 'शेयी' झालं आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचं 'शे' केलं. आत शिरताना दोन्ही बाजूंच्या भिंती घराएवढ्या, तीसेक फुटांच्या. तासाभराने मान वर करावी लागते, आणि आत आत गेलं की त्या हजार फुटांवर जातात. वाऱ्याने उडवून आणलेल्या वाळूच्या टेकड्या कोट्यवधी वर्षांपूर्वी घट्ट झाल्या, त्याचा हा खडक. त्याचे तिरपे थर अजून दिसतात. एका ठिकाणी साडेसातशे फुटांचा सुळका एकटा उभा आहे. कोळी-आजी तिथे राहते आणि तिनेच दिने बायकांना विणकाम शिकवलं, असं ते लोक मानतात.

दृश्याबद्दल इतकंच. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी दृश्य फारसं पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष खोगिरात, आणि खोगिराचं सगळं लक्ष माझ्या माकडहाडात. घोडा तांबूस, वयस्कर, माझ्याइतकाच निरुत्साही होता. मी लगाम ओढला की तो उभा राहून झाडपाला खायचा. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, फार कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने तासभर माझी केविलवाणी धडपड पाहिली आणि एवढंच सुचवलं, "त्याला वाट माहीत आहे. तुम्हाला नाही. लगाम सैल सोडा."

या वाटाड्याशिवाय दरीच्या तळात उतरता येत नाही. ही दरी १९३१ पासून अमेरिकेचं राष्ट्रीय स्मारक आहे, परंतु जमीन दिने लोकांचीच राहिली आहे. वरच्या कड्यावरून गाडीने फिरा, हवं तितकं बघा. खाली मात्र माणसं राहतात, त्यांचे मके आहेत, मेंढ्या आहेत, आठकोनी लाकडी घरं आहेत, ज्यांची दारं पूर्वेला उघडतात. पाहुण्याने खाली यायचं तर इथल्या माणसाबरोबर यायचं. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. एका वळणावर एक म्हातारी भोपळे गोळा करत होती. वाटाड्याने घोडा थांबवला, दोघं बराच वेळ बोलले, मग तिने आमच्याकडे पाहून मान हलवली आणि आम्ही पुढे निघालो. आम्हाला तिच्या शेताच्या कडेने जायची परवानगी मिळाली होती. मुलाने घड्याळ पाहिलं. मी नाही पाहिलं, कारण तिथे घड्याळाचाही घोटाळा आहे. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, अ‍ॅरिझोना करत नाही, आणि अ‍ॅरिझोनाच्या पोटातले नवाहो लोक करतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत सरकारच्या वेळेपेक्षा ही माणसं तासभर पुढे असतात!

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला रात्री शेकोटीजवळ कसले प्रश्न पडणार? मी विचारलं, "ही शेतं कुणाच्या नावावर आहेत?" वाटाड्या म्हणाला, "अमेरिकी सरकार आमच्या वतीने विश्वस्त आहे. वहिवाट कुटुंबाची. आईकडून लेकीकडे जाते." म्हणजे सातबारा नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, "मग कर्ज कोण देतं?" तो पहिल्यांदाच हसला. "कुणी नाही."

ग्रामीण शाखांमध्ये मी हजारो सातबारे हाताळले. पंपाला, पाइपलाइनला, म्हशीला, ट्रॅक्टरला. उताऱ्यावर बोजा चढवताना मी कधी दोनदा विचार केला नाही. तो माझा कामधंदाच होता आणि त्या कर्जांनी कितीतरी घरं वर आली हेही खरं आहे. पण काहींचा बोजा उतरलाच नाही, उतारा मात्र दुसऱ्याच्या नावाचा झाला. तारण ठेवता येत नाही म्हणून या दरीत नवं घर बांधणं कठीण, धंदा उभारणं कठीण. घरासाठी जागेचा भाडेपट्टा मिळवायला वर्षं जातात असं वाटाड्याने सांगितलं. त्यांच्या मुलखात आजही कितीतरी घरांत नळ नाही, लोक पिंपं भरून पाणी नेतात. गरिबीला गोंडस नाव द्यायची मला हौस नाही. मात्र ज्या कारणाने बँक तिथे जात नाही, त्याच कारणाने तिथल्या म्हातारीचा मका अजून तिचा आहे. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पुढच्या टेबलावर पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरीच्या उत्तरेकडच्या फाट्यात गेलो. त्याचं नाव डेल म्युएर्तो, मृतांची दरी. भिंतीवर झगे घातलेले, भाले-बंदुका घेतलेले घोडेस्वार रंगवले आहेत. ते स्पॅनिश. १८०५ च्या हिवाळ्यात त्यांच्या तुकडीने उंच कपारीत लपलेल्या शंभराहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या. चित्रकाराने घोडे सुरेख काढलेत, हे पाहून मला कसंसंच झालं. पुढे अमेरिकी सैन्य आलं. १८६३-६४ च्या हिवाळ्यात किट कार्सनने पिकं जाळली, जनावरं पकडली. एका प्रचंड कातळावर शेकडो माणसं शिडीसारखे ओंडके लावून चढली आणि सैनिक खाली झोपले असताना दोराने भांडी सोडून पाणी वर ओढत राहिली, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत आहे. गडकोटांच्या मुलखातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. मग १८६४ च्या उन्हाळ्यात कॅप्टन थॉम्पसन आला आणि त्याने दरीतली पीचची झाडं तोडली. हजारोंनी. माणसं आधीच शरण गेली होती, तरीही. परत यायला काही उरू नये म्हणून.

त्या लोकांना तीनशेहून अधिक मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोंदो नावाच्या रुक्ष छावणीत नेलं. आठ हजारांच्या वर माणसं. तिथलं पाणी खारट, पीक किडीने खाल्लेलं, जळण दूर. चार वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसं गेली. सैन्याने दिलेल्या पिठाच्या शिध्यातून बायकांनी तळलेली भाकरी करायला घेतली. ती आजही करतात. आम्हाला रात्री मटणाच्या रश्श्याबरोबर तीच मिळाली. आपल्या जाड पुरीसारखी, गरम, उत्तम. ती कुठून आली ते कळल्यावर दुसरी मी जरा सावकाश खाल्ली.

१ जून १८६८ रोजी तह झाला. सरकारतर्फे जनरल शर्मन, दिने लोकांतर्फे मुख्य बोलणारा बार्बोन्सितो, जो याच दरीत जन्मला होता. सरकारचा एक विचार त्यांना पार पूर्वेला, इंडियन टेरिटरीत पाठवण्याचा होता. बार्बोन्सितो आपल्याच मुलखात परतायचं यावर अडून बसला आणि त्याने ते मिळवलं. मी घरी आल्यावर त्या तहाची कलमं वाचली, सवयीने, मंजुरीपत्र वाचावं तशी. बारावं कलम आमच्या खात्याचं आहे. पंधरा हजार मेंढ्या-बकऱ्या, पाचशे गुरं, दहा लाख पौंड मका. रकमा, मुदती, सगळं नोंदलेलं. त्या कागदावर नसलेली एकच गोष्ट म्हणजे पीचची झाडं. ती त्यांनी स्वतः पुन्हा लावली. आम्ही मुक्काम केला तिथेही चार-पाच होती, पानं पिवळी पडलेली. "या आजीच्या," एवढंच वाटाड्या म्हणाला. कुणाच्या आजीच्या, ते मी विचारलं नाही.

गोष्ट इथे गोड होत नाही. १९३० च्या दशकात सरकारने त्यांच्या मेंढ्या जबरीने कमी केल्या, कितीतरी जागच्या जागी मारल्या. चराईने माती धुपते आणि ती वाहत जाऊन हूवर धरणात बसेल, ही त्यामागची एक चिंता होती. त्याच काळात धूप थांबावी म्हणून दरीच्या तळात बाहेरची झाडं आणून लावली, टॅमरिस्क आणि रशियन ऑलिव्ह. ती इतकी माजली की या शतकात ती उपटायला वेगळा खर्च करावा लागला. मला आमच्याकडची वेडी बाभूळ आठवली. धरणाचं नाव निघालं की मी सावध होतो, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

परतताना मुलाने मुद्दाम मोठा वळसा घेतला आणि पेज या गावी ग्लेन कॅन्यनचं धरण दाखवलं. सातशे दहा फुटांची काँक्रीटची भिंत. १९६३ साली तिची दारं बंद झाली आणि कोलोरॅडो नदीची एक अख्खी दरी बुडाली. त्याच वर्षी एलियट पोर्टर या छायाचित्रकाराचं त्या दरीवरचं पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ 'कुणालाच ठाऊक नव्हती ती जागा'. फार गाजलेलं पुस्तक. पण मला ते नाव खटकतं. तिथे मेंढ्या चारणाऱ्यांना ती ठाऊक होती. न बुडलेल्यांना ठाऊक नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला जून १९८० मध्ये, असं तिथे कळलं. मी मुलाला म्हटलं, "चल, निघू या." तो म्हणाला, "बाबा, आत्ताच तर आलो."

आमचं उजनी १९८० साली पूर्ण झालं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमचं गाव भीमेच्या काठी, आता पाण्याखाली. कुटुंबाला नव्या गावठाणात जागा मिळाली, आणि वरच्या अंगाची चार एकर जमीन वाचली ती आता बरोबर पाण्याच्या काठावर आहे. उन्हाळ्यात उजनी खाली जाते. वर्तमानपत्रांत 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते; २०२४ च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. बँकवाल्याला हा शब्द नेमका वाटतो, खातं ओव्हरड्रॉ झाल्यासारखा. मग पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून बाहेर येतं, आणि आमच्या गावाचे चौथरेही. वडील असेपर्यंत ज्या ज्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, त्या त्या उन्हाळ्यात ते वरच्या रानातून खाली चालत जात, आमच्या उंबऱ्याच्या दगडावर नारळ फोडत आणि परत येत. कुणाला बरोबर या म्हणत नसत. गावातली इतरही माणसं तशीच जात. गाळपेर करणारे तिथेच कलिंगडं लावत. सगळ्यांची वाट आमच्या बांधावरून होती.

तीच जमीन आता एका पार्टीला रिसॉर्टसाठी हवी आहे. भाव असा की मी नोकरीत असताना एवढ्या आकड्याला वरिष्ठांची सही लागली असती. मी जायच्या आधी होकार दिला होता. (बहिणीकडून हक्कसोड पत्र लिहून घेऊन आम्ही भाऊ फार पूर्वीच मोकळे झालो आहोत. तो विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे आणि त्यात माझी बाजू चांगली दिसणार नाही.)

भावाची बाजू वाचकांनी नीट ऐकावी. त्याची निम्मी जमीन पाझराने चोपण झाली आहे. उसाला पाणी आहे पण पाय फुटतात ते खर्चाला. एका मुलाची फी, दुसऱ्याचं लग्न. तो मला म्हणाला, "दादा, तू तीन दिवस घोड्यावर बसून आलास. मी इथे चाळीस वर्षं बसलोय. त्या लोकांची जमीन विकता येत नाही म्हणून राहिली, असं तूच सांगतोस. मग त्यांना एकदा विकायची मुभा दे आणि विचार." याला माझ्याकडे उत्तर नाही. पुण्यात सदनिका घेऊन, पेन्शन खाऊन, भावाला जमीन राखायला सांगणं हा फार स्वस्त धर्म आहे.

म्हणून विकू नये असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते फक्त आमच्या चार एकरांपुरतं नाही. पवना, पानशेत, मुळशी, भंडारदरा, कुठल्याही धरणाच्या काठाने रविवारी चक्कर मारा. तारेचं कुंपण, दगडी फाटक, पहारेकरी. पाणी सगळ्यांना दिसतं, पण तिथपर्यंत पोचायची वाट नाही. ज्यांची घरं त्या पाण्याखाली आहेत, त्यांची पोरं त्याच फाटकावर 'कुठे जायचंय?' असं विचारायच्या नोकरीवर उभी असतात. शहरातले आपण तिथे जातो, पोहतो, हुरडा खातो, आणि हे गाव कुठलं म्हणून विचारतही नाही. सहलीला जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीच तर सहलीहून आलोय. पण कॅन्यन द शे मध्ये मला पैसे मोजूनही गिऱ्हाईक होता आलं नाही, पाहुणाच व्हावं लागलं. म्हातारीने मान हलवेपर्यंत थांबावं लागलं, आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. हे आपल्याकडे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणारे स्थानिक मच्छीमारांच्या होडीतूनच जातात. पक्षी कुठे, गाळ कुठे, बुडालेली भिंत कुठे, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या घरात चार पैसे जातात आणि पाहणाऱ्यालाही जास्त दिसतं.

मी भावाला दोन कलमं सुचवली. खरेदीखतात बांधावरून पाण्यापर्यंतची दहा फुटी वाट वहिवाटीची म्हणून नकाशासह नोंदवायची, गावातल्या कुणालाही, कायमची, फाटक न लावता. आणि होड्या चालवायच्या झाल्या तर त्या गावातल्या लोकांच्या. दुसरं कलम कायद्यात कितपत टिकेल याची मला शंका आहे. पहिलं टिकतं, असे दस्त मी स्वतः तपासले आहेत. वहिवाटीची जमीन म्हटली की भाव पडतो, हेही मी स्वतः कित्येक अहवालांत लिहिलं आहे. किती पडेल त्याचा अंदाज काढून मी भावाला सांगितलं की ती घट माझ्या हिश्श्यातून जाऊ दे. सौ.ला विचारून सांगितलं. तिने बाटलीकडे पाहिलं, आकडा पुन्हा एकदा विचारला आणि म्हणाली, "मातीची बाटली जरा महागच पडली."

भाऊ चार दिवस बोलला नाही. काल रात्री त्याचा फोन आला. पार्टीने वाटेच्या कलमाला चक्क नकार दिलेला नाही, वकिलाला विचारून सांगतो म्हणाली आहे. गुरुवार रद्द. मग त्याने विचारलं, "दहा फूट म्हणजे नेमकी कुठून धरायची? चिंचेच्या अंगाने की विहिरीच्या?" मी म्हटलं, "आबा जायचे तिथून."

तो म्हणाला, "मला ते नीट आठवत नाही, दादा. तूच ये आणि दाखव." रविवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे.